निविदेत राहून गेलेली एक अट

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली, तेव्हापासून जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील तहसील कचेऱ्या, पतपेढ्या, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि गल्लोगल्लीची सेवा केंद्रे यांच्यापुढे एक पेच पडलेला आहे, आणि तो केवळ एखादे परिपत्रक काढून सुटण्यासारखा नाही. विंडोज 11 ही पुढली प्रणाली टी.पी.एम. 2.0 ही सुरक्षाव्यवस्था आणि साधारणतः 2017-18 नंतरच्या पिढीचा प्रोसेसर असल्यावाचून यंत्रावर चढवू नये, असा कंपनीचा दंडक आहे. त्यामुळे ज्या संगणकांनी खानदेशातला पंचेचाळीस अंशांचा वैशाख, खिडकीतून येणारी धूळ आणि विजेचा लपंडाव वर्षानुवर्षे सोसला, आणि जे आजही सातबाराचा उतारा किंवा उत्पन्नाचा दाखला काढण्यास पुरेसे समर्थ आहेत, ते एका तारखेच्या फटकाऱ्याने निर्लेखनाच्या यादीत जाऊन बसले. अशा वेळी जाणकार मंडळी सांगतात, की या यंत्रावर लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली टाका, ते पुन्हा उठून कामाला लागेल. आणि हा सल्ला रास्तही आहे, कारण यंत्र खरोखरच उठते. परंतु त्याच टेबलावर संगणकाच्या शेजारी मांडलेला प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल यांना या नव्या कारभाऱ्याची ओळख पटत नाही, आणि कारकून दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलावून पुन्हा ‘विंडोज मारून’ घेतो. या अपयशाचा दोष कोणी लिनक्सच्या माथी मारतो, कोणी कारकुनाच्या अज्ञानाच्या. माझ्या मते दोघेही निर्दोष आहेत. दोष त्या प्रिंटरची खरेदी झाली त्या दिवशीचा आहे, निविदेच्या मसुद्यात जी एक अट लिहावयास हवी होती आणि जी कोणी लिहिली नाही, तिचा आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या शब्दाने आपल्याकडे अजूनही एस.टी.च्या चालकाचीच मूर्ती डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 साली युनिक्स ही संगणकप्रणाली रचण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांनी एक अत्यंत काटकसरीची कल्पना योजिली : संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण, मग ते टंकलेखनयंत्र असो, चुंबकीय फीत असो वा छापयंत्र असो, हे प्रणालीला एका फाइलीसारखे दिसावे, आणि फाइलीवर जसे लिहावे-वाचावे तसेच त्या उपकरणावर लिहिता-वाचता यावे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही समता विलक्षण सोयीची आहे. पण पडद्यामागे प्रत्येक उपकरणाची बोली निराळी, त्याच्या आज्ञा निराळ्या, त्याच्या तक्रारीही निराळ्या, आणि या सर्व विषमतेला त्या एका समान रूपात आणून बसविणारा जो लहानसा प्रोग्राम प्रणालीच्या अंतर्भागात राहतो, तोच ड्रायव्हर. युनिक्सच्याच धर्तीवर घडलेल्या लिनक्सच्या गाभ्याची उगमसंहिता, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, आज सुमारे चार कोटी ओळींची झाली आहे आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग या ड्रायव्हरांनीच व्यापलेला आहे.

ड्रायव्हर नसला की काय होते, ते एका जवळच्या दाखल्याने पाहू. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच निवर्तले आणि त्यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या या संस्थेने दप्तरे सांभाळली. अशा कोणत्याही जुन्या दप्तरातला मोडी कागद हाती घ्यावा : शाई स्पष्ट, कागद शाबूत, मजकूर पूर्ण, आणि तरीही मोडी वाचणारा मनुष्य समोर नसेल तर तो कागद मुका. ड्रायव्हरावाचून पडलेला प्रिंटर नेमका असा मुका असतो. फरक इतकाच, की मोडी वाचणाऱ्यांची परंपरा काळाच्या ओघात क्षीण झाली, आणि प्रिंटरची लिपी मात्र त्याच्या निर्मात्याने जाणूनबुजून कुलूपबंद ठेवलेली असते.

ती तशी ठेवण्यात त्याचा हेतू काय, हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही तालुक्याच्या गावी कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात डोकवावे. तेथे, आणि कचेरीतही, कॅननचा एल.बी.पी. 2900 किंवा एच.पी.चा लेझरजेट 1020 हे दोन प्रिंटर आजही वारंवार दृष्टीस पडतात. दोन्ही चिवट, दोन्ही टोनर भरून घेण्यास स्वस्त, आणि दोन्ही बुद्धीने पंगू. या पंगुत्वातच त्यांच्या स्वस्ताईचे रहस्य आहे. महागडा प्रिंटर पोस्टस्क्रिप्टसारखी सर्वज्ञात भाषा स्वतः जाणतो, पानाचे वर्णन त्याच्याकडे पाठविले की अक्षरांच्या ठिपक्यांची मांडणी तो आपल्या पोटातच करतो. या स्वस्त यंत्रांत ते पोटच नसते, आणि पान ठिपक्यांत रूपांतरित करण्याचा सारा भार संगणकावर, म्हणजे ड्रायव्हरावर, टाकलेला असतो. एल.बी.पी. 2900 ला कॅननच्या खाजगी कॅप्ट भाषेवाचून अन्य काही समजत नाही. कंपनीने लिनक्ससाठी एक ड्रायव्हर काढला खरा, पण तो बंदिस्त आणि 32-बिटच्या काळात अडकलेला, आणि पुढे काही स्वतंत्र प्रोग्रामरांनी संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये वाहणारे संदेश टिपून त्या भाषेचा उलगडा करण्याचा खटाटोप केला तेव्हा कोठे वाट थोडी मोकळी झाली. लेझरजेट 1020 ची तऱ्हा आणखी निराळी. त्याची अंतर्गत आज्ञावलीसुद्धा त्याच्यापाशी नसते. दर वेळी वीज लावली की संगणकाने ती त्याच्या स्मृतीत नव्याने ओतावी लागते, आणि दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात हा विधी चार वेळा करावा लागतो. विंडोजवर हे सारे गुपचूप घडते म्हणून कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. प्रिंटर घेताना वाचलेले हजार-दोन हजार रुपये पुढे दहा वर्षे एकाच प्रणालीची बांधिलकी पत्करून फेडावे लागतात, हा हिशेब खरेदीच्या तक्त्यात कोठेही मांडलेला नसतो.

याच्या उलट पेनड्राइव्ह पाहा, कीबोर्ड पाहा, साधा वेबकॅमेरा पाहा. कोणत्याही कंपनीचा असो, लिनक्सच्या यंत्राला जोडताच तो बहुधा निमूटपणे चालू लागतो; कारण यू.एस.बी.च्या मानकात या उपकरणांच्या जाती ठरवून दिल्या आहेत, त्या त्या जातीने कोणती भाषा बोलावी हे सार्वजनिक दस्तऐवजात लिहिलेले आहे, आणि त्यामुळे एका जातीला एकच ड्रायव्हर पुरतो. स्पर्धा असूनही निर्मात्यांनी येथे समान भाषा स्वीकारली, आणि तिने कोणाचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही.

छापयंत्राच्या या कुलपाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. 1980 च्या सुमारास एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत झेरॉक्सने दिलेला लेझर प्रिंटर होता. कागद अडकला की तो मुकाट बसे. तेथील प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये कागद अडकताच वापरणाऱ्यांना सूचना जावी अशी सुधारणा केलेली होती, तीच येथे करावी म्हणून त्यांनी उगमसंहिता मागितली, आणि ती ज्याच्यापाशी होती त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकाने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. 1983 साली स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला, 1991 साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याला जोडता येईल असा गाभा लिहिला, आणि आज जगातील बहुतेक सर्व्हर ज्याच्यावर चालतात तो डोलारा उभा राहिला. म्हणजे या चळवळीच्या मुळाशी एक अडकलेला कागद आणि एक न मिळालेला ड्रायव्हर आहे, आणि चार दशकांनंतर आपल्या तहसील कचेरीत तंटा पुन्हा प्रिंटरपाशीच येऊन ठेपला आहे.

मात्र हा केवळ परदेशी इतिहास आहे असे कोणी समजू नये. 1984 साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिल्यानंतर आपल्या अनेक बँकांनी युनिक्सचीच वाट धरली होती. शाखेत एक मध्यवर्ती यंत्र, त्याला तारांनी जोडलेली मुकी टर्मिनले आणि खडखडाट करीत पासबुक भरणारा डॉटमॅट्रिक्स प्रिंटर, ही व्यवस्था त्या पिढीतील निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना आजही आठवत असेल. त्या काळी एका यंत्राला अनेक टर्मिनले जोडण्यासाठी जी मल्टिपोर्ट कार्डे लागत, त्यांचे ड्रायव्हर युनिक्सच्या विशिष्ट आवृत्तीपुरतेच मिळत, आणि प्रणाली बदलावयाची म्हटले की कार्डही बदलावे लागे. हेच दुखणे देवनागरीच्या वाट्यालाही आले. आय.आय.टी. कानपूर येथे मोहन तांबे यांच्या पुढाकाराने विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले जिस्ट तंत्रज्ञान हा आपल्या संगणकीय इतिहासातील एक खरा पराक्रम होय. ज्या काळी संगणकाला रोमन लिपीपलीकडे काही ठाऊक नव्हते, त्या काळी एक कार्ड खाचेत बसवावे आणि पडद्यावर मराठी अक्षरे उमटावी, जोडाक्षरांसकट, वेलांट्यांसकट, हे पाहून आनंदलेली माणसे आजही भेटतात. पण ते कार्ड डॉसच्या युगाचे आणि जुन्या खाचेच्या मापाचे होते; खाचा गेल्या, डॉस गेले, आणि ती कार्डे अडगळीत पडली. टिकून राहिले ते काय? तर त्या कार्यातून पुढे आलेली इस्की ही संकेतावली, जी भारतीय मानक संस्थेने 1991 साली आय.एस. 13194 या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध केली, आणि जिच्या 1988 च्या रूपावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. कार्ड मेले आणि संकेत जगला, कारण संकेत सार्वजनिक होता. इस्कीतला जुना मजकूर आज युनिकोडमध्ये आणता येतो. त्याच काळातील खाजगी फॉन्टांत टंकलेल्या कचेरीच्या फायली उघडताना काय यातना होतात, ते ज्याने भोगले त्यालाच विचारावे.

आता वर्तमानाकडे येऊ. गावच्या तलाठ्याला शासनाने अलीकडे ग्राम महसूल अधिकारी हे पदनाम दिले आहे. त्याची लेखणी आता डोंगलात असते, आणि फेरफार व सातबारा यांवरील डिजिटल स्वाक्षरीची किल्ली त्या बोटभर उपकरणात बंदिस्त असते. येथे परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. अशा टोकनांशी बोलण्याचे पी.के.सी.एस. 11 नावाचे सार्वजनिक मानक आहे, ओपन-एस.सी. नावाचा मुक्त प्रकल्प अनेक टोकनांना सांभाळून घेतो, आणि आपल्याकडे आढळणारे ईपास 2003 हे टोकन त्या यादीत आहे. अडचण येते ती टोकनाच्या पलीकडे, म्हणजे संकेतस्थळ आणि टोकन यांच्यामध्ये बसविलेल्या त्या लहानशा साहाय्यक प्रोग्रामपाशी, जो बहुतेक वेळा विंडोजचाच विचार करून लिहिलेला असतो. हे दुखणे यंत्राचे नाही, ते प्रोग्राम लिहून घेणाऱ्या खात्याचे आहे, आणि खात्याने मनात आणले तर एका मोसमात दूर होईल असे आहे.

अंगठ्याच्या यंत्राची गोष्ट मात्र अधिक नाजूक आहे, आणि तेथे प्रतिपक्षाचे म्हणणे मला आदराने ऐकावेसे वाटते. आधारच्या प्रमाणीकरणासाठी 2017 पासून नोंदणीकृत उपकरणांची पद्धत आली. यंत्राने घेतलेला ठसा स्वाक्षरांकित व कूटबद्ध होऊनच बाहेर पडावा, मधल्या कोणी जुना ठसा साठवून पुन्हा वापरू नये, हा तिचा हेतू, आणि तो सर्वथा योग्य आहे. म्हणून असे सांगितले जाते, की या यंत्रांचा ड्रायव्हर खुला केला तर चोराच्या हाती किल्ली जाईल. आधीच्या, एल-झिरो श्रेणीच्या यंत्रांत, जेथे हे कूटलेखन संगणकावरच्या प्रोग्राममध्ये घडत असे, तेथे या भीतीला आधार होता. परंतु नव्या, एल-वन श्रेणीच्या यंत्रांत स्वाक्षरी आणि कूटलेखन उपकरणाच्या आत, सुरक्षित कोठडीत होते. संगणकाच्या हाती येतो तो लाखबंद लखोटा. लखोटा वाहून नेणाऱ्या जासुदाचे तोंड झाकण्याने लाखेला अधिक बळकटी येत नाही. तेव्हा नव्या श्रेणीबरोबर सुरक्षेची सबब संपली, आणि उरली ती केवळ निर्मात्याची अनिच्छा.

लिनक्सवाल्यांची बाजूही सर्वस्वी निष्कलंक आहे असे मी म्हणणार नाही. त्यांच्या गाभ्यातील ड्रायव्हरांसाठीची आतली रचना ते स्थिर ठेवत नाहीत; प्रत्येक आवृत्तीगणिक ती बदलते, आणि बाहेरून बंदिस्त ड्रायव्हर पुरविणाऱ्या कंपनीला तोच तो खटाटोप पुन्हा करावा लागतो. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्यासारखे त्यांचे धुरीण या अस्थिरतेचे समर्थनच करतात, आणि त्यांच्या समर्थनात एक प्रकारचा हट्टही आहे. पण त्यांनीच 2007 साली जाहीर केले होते, की कोणत्याही कंपनीने उपकरणाची माहिती द्यावी, आम्ही तिचा ड्रायव्हर विनामूल्य लिहून देऊ आणि गाभ्यात ठेवून पुढेही सांभाळू. ज्याला मोबदल्याविना आजन्म चाकर मिळत असेल त्याने पगाराची कुरकुर करू नये. ओपन-बी.एस.डी. या दुसऱ्या युनिक्ससदृश प्रणालीचे थिओ डी राट यांनी याहून कडक मार्ग धरला : गोपनीयतेचा करार करावयाचा नाही, बंदिस्त ड्रायव्हर घ्यावयाचा नाही, उपकरण चालले नाही तरी बेहत्तर. असल्या तपस्व्यांमुळे माहिती थोडी थोडी मोकळी होत गेली हे खरे. पण तहसीलदाराला तपश्चर्येची मुभा नसते, त्याला सायंकाळपर्यंत दाखले द्यावयाचे असतात.

म्हणूनच हा प्रश्न प्रोग्रामरांच्या सद्‌भावनेवर न सोडता खरेदीदाराने हाती घेतला पाहिजे, आणि आपल्या देशात खरेदीदारांचा खरेदीदार म्हणजे सरकार. केंद्र शासनाने 2015 साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले हे पुष्कळांना ठाऊक आहे. ई-प्रशासनासाठी यंत्रसामग्री घेताना ड्रायव्हरांविषयी कोणती दक्षता घ्यावी, यासाठीही एक स्वतंत्र धोरण केंद्रानेच केलेले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असावे. धोरण दिल्लीत राहिले आणि तालुक्याच्या निविदेत प्रिंटरचा वेग, पानांची संख्या आणि हमीची वर्षे एवढाच तपशील उतरला. केरळकडे पाहावे. तेथील सरकारी शाळांनी ग्नू-लिनक्स स्वीकारले ते कोणा एका शिक्षकाच्या हौसेने नव्हे, तर राज्यव्यापी निर्णय म्हणून. आणि एवढे मोठे गिऱ्हाईक दारात उभे राहिले की जो विक्रेता काल ‘लिनक्सवर चालत नाही’ म्हणत होता, तोच ड्रायव्हर शोधून आणतो. आपल्या धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोठी चळवळ झाली, गावकऱ्यांनी खिशात हात घालून प्रोजेक्टर आणि संगणक आणले. त्या पैशाला तर सरकारी पैशाहूनही अधिक जपले पाहिजे, कारण तो दुसऱ्यांदा मागता येत नाही.

आणि सुदैवाने काळ या अटीला अनुकूल झाला आहे, तोही अनपेक्षित कारणाने. मोबाइल फोनवर कोणी प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर टाकीत बसणार नाही हे निर्मात्यांना उमगले. अ‍ॅपलने 2010 साली एअरप्रिंट आणले, त्यानंतर प्रिंटर उद्योगाच्या मंडळाने आय.पी.पी. एव्हरीव्हेअर हे सार्वजनिक मानक सिद्ध केले, आणि ते पाळणारा प्रिंटर लिनक्सवरही वेगळ्या ड्रायव्हरावाचून चालतो. खुद्द मायक्रोसॉफ्टने 2023 साली कंपन्यांचे स्वतंत्र प्रिंटर-ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचा बेत जाहीर केला. युनिक्सच्या उपासकांनी तीस वर्षे कंठशोष करून जे साधले नाही, ते खिशातल्या फोनने साधले. त्याचा लाभ तरी आपण पदरात पाडून घ्यावा.

ती अट मी येथे लिहूनच देतो, कोणाही शिरस्तेदाराने तिची खुशाल नक्कल करावी : “पुरवठा केलेले प्रत्येक उपकरण किमान एका प्रचलित मुक्तस्रोत, युनिक्ससदृश प्रणालीवर पूर्ण क्षमतेने चालले पाहिजे, ते सार्वजनिक मानकानुसार चालणारे असावे, अन्यथा त्याचा ड्रायव्हर उगमसंहितेसह उपलब्ध असावा, आणि हमीच्या मुदतीत प्रणालीची नवी आवृत्ती आल्यास ते तिच्यावरही चालते ठेवण्याची जबाबदारी पुरवठादाराची राहील.” एवढ्या तीन कलमांनी खरेदीची किंमत काही शेकड्यांनी वाढेल, हे मी नाकारीत नाही. कोणते उपकरण या अटीस उतरते याची यादी ठेवण्याचे काम जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने अंगावर घेतले तर उत्तमच. बांभोरीपासून शिरपूरपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालयांची या भागात वाण नाही, आणि जुन्या संगणकावर लिनक्स टाकून एकेक प्रिंटर जोडून पाहणे हा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोणत्याही छापील जर्नलपेक्षा अधिक शिकविणारा प्रयोग आहे. पण विद्यापीठाची यादी सिद्ध होईपर्यंत कचेरीने थांबण्याचे कारण नाही. माल खोक्यातून निघाला की भांडारपालाने कचेरीतल्याच एका जुन्या, लिनक्स टाकलेल्या संगणकाला तो विक्रेत्याच्या माणसासमक्ष जोडावा, एक मराठी पान छापून घ्यावे, ते पान देयकाला टाचावे, आणि मगच देयक मंजुरीसाठी वर पाठवावे.